अठ्ठावन्न वर्तुळं

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. निघण्याआधी तुझ्या दारच्या चिडाच्या झाडाला पोकळ गिरमिटाने भोक पाडलं, न्हाणीमागच्या भेकाच्या उजव्या पायाचं शेवटचं बोट कापलं, म्हणून तू मला कसाई म्हणालीस. (त्याला बेडूक म्हणू नकोस. भेक वेगळा, खरखरीत कातडीचा.) अगं, लाकडात वर्षाला एक वर्तुळ भरतं, तसंच भेकाच्या हाडातही. थंडीत दोघांचीही वाढ थांबते. कॉलेजची पायरी न चढता, सुतारकाम सांभाळून हे शिकलोय.

काल भिंगाखाली मोजली. दोघांतही अठ्ठावन्न. भेक इतका जगत नाही. चाळीस म्हणजे डोक्यावरून पाणी. शिवाय सहावं वर्तुळ दोघांतही केसासारखं बारीक. तुझ्या जन्माला आईने ते झाड लावलं, आणि सहाव्या वर्षी तू विषमज्वराने अंथरुणाला खिळली होतीस ना? गंमतच.

बुधवारी, १२ तारखेला, झाड तोडायला माणसं येतील. छपरावर कललंय, चालढकल नको.

माझ्या भोचकपणासकट लोभ असू दे.
तुझा धाकटा

७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

शहाण्या, तू गेल्यापासून माझ्या उजव्या पायाची करंगळी बधिर आहे. आणि तुझ्या भेकाच्या पाठीला बारीक भोक पडलंय, त्यात मेण. मेण तर तू झाडाच्या भोकात भरलंस. माझ्याही खांद्यामागे काहीतरी चिकट लागतं, बोटांना चिडाचा वास येतो. शेजारणीला दाखवायची लाज वाटते.

हसशील, म्हणून आधी लिहिणार नव्हते. छपराचं मात्र खरं. परवा कौलं सरकली. माणसं आली की चहा देईन.

जेवणखाण वेळेवर कर.
ताई

१० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तार केली आहे, हे पत्र मागून. झाडाला हात लावू देऊ नकोस. माणसांना सांग, माझं मोजमाप चुकलं. उभ्या जन्मात हे वाक्य मी पहिल्यांदा लिहितोय. खरं तर चुकलेलं नाही. तीनदा मोजलं.

धाकटा

१२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तार मिळाली. तोवर करवत चार बोटं आत गेली होती. माणसांना थांबवलं, ती कुरकुरत गेली.

झाड आता घराकडे जास्तच झुकलंय, पण पडत नाही. भेक भिंतीला टेकून बसलाय. मीही भिंत धरूनच लिहितेय. कमरेतून सरळ होता येत नाही.

लगेच निघून ये. भिंग आणू नकोस. टेकू द्यायला जाड वासे आण, आणि नीट मोजून आण.

वाट पाहणारी,
ताई