निळ्या पट्ट्यांची माशी

३ फेब्रुवारी
परत हुकली! सकाळभर गच्चीत कॉसमॉसच्या कुंडीपुढे गुडघे टेकून बसलो. निळ्या पट्ट्यांची मधमाशी आली, फुलाला तोंड लावलं न लावलं की पसार. हाती काय? नुसती फुलं. एका फोटोत तिचं ढुंगण— तेही धूसर. ही खालून ओरडतेय, "अहो, चहाचं पाणी झालं!"

६ फेब्रुवारी
फोटो क्लबच्या स्पर्धेत पहिला कोण? दातांचा डॉक्टर! माझा शाळेपासूनचा मित्र. फोटोत हीच माशी, केसन् केस स्पष्ट. पण पाय बघा ना— पोटाशी घेतलेले, मिशा पडलेल्या. जागी माशी अशी बसते होय? फ्रिजमध्ये गारठवून फुलावर ठेवलीय, दुसरं काय!

घरी येऊन हिच्यापुढे तणतणलो. ही भाजी निवडत म्हणाली, "मरत नाही का हो ती?" नाही मरत. थोडा वेळ ठेवली तर नुसती सुन्न होते, ऊन लागलं की उडते. सगळं नीट समजावून सांगितलं.

१० फेब्रुवारी
भर सभेत बोललो. डॉक्टर पांढराफटक. म्हणे, "अरे, पहाटेचा फोटो आहे. पहाटे गारठ्यानं त्या अशाच बसतात, तुला माहीत नाही?" मला शिकवतोय! चोर तो चोर, वर शिरजोर. बक्षीस काढून घेतलं, क्लबातून नावही काढलं. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. नको बघू. माझं काय अडलंय?

११ फेब्रुवारी
जेवण गेलं नाही. पण खोटं ते खोटं!

२ मार्च
मिळाली! मिळाली! सकाळी ही गच्चीतून हाका मारतेय— "अहो, लवकर या, बसलीय!" चहा तसाच सोडून धावलो. चक्क बसलेली! डोळे, पट्टे, सोंडेवरचे परागकण, सगळं आलं. पाय जरा पोटाशी आहेत, पण सकाळी गार होतंच. गुडघे झिजवल्याचं चीज झालं. ही शेजारी उभी राहून माझ्याकडेच बघत होती. कितीतरी दिवसांनी हसली.

१५ मार्च
पहिलं बक्षीस. अध्यक्ष म्हणाले, "याला म्हणतात प्रामाणिक फोटो!" टाळ्या. डॉक्टरची खुर्ची रिकामीच, तिच्यावर कुणी बसत नाही. म्हणावा तसा आनंद झाला नाही. मेला क्लबातून गेला तरी माझ्या सुखात माती कालवतो.

४ एप्रिल
फ्रिजमध्ये लिंबू शोधत होतो. मागे झाकणाला भोकं पाडलेली डबी. आत माशी. निळे पट्टे.

ही धावत आली. "अहो, ठेवा आत, जागी होईल! उद्या फोटो पाठवायचाय म्हणालात ना? मागची कशी छान बसली होती. आणि मरत नाही, तुम्हीच सांगितलंत."