वानराला न लागणारा छर्रा

२२ सप्टेंबर १९५६, सौंसर
बंदूक आणली. पांढुर्ण्याचा रेल्वे गार्ड बदली होऊन चालला, त्याची. छर्‍याची आहे, नळी खाली वाकवून स्प्रिंग ताणायची. दस्त्याला तडा, पण स्प्रिंगेत जोर आहे. येताना बसमध्ये मांडीवर आडवी धरली तर दोन्ही बाजूचे सरकून बसले. एवढा मान जन्मात मिळाला नव्हता.
हिला दाखवली. म्हटलं, आता तुझ्या ताटाला कोणी हात लावत नाही.
"हाव," म्हणाली.
श्रावणात झटका आला, उजवं अंग गेलं, अन् बोलण्यातला हा एवढाच एक होकाराचा शब्द मागे राहिला. भूक लागली तरी हाव. पोट भरलं तरी हाव.

२४ सप्टें.
हिची खाट ओसरीवरच ठेवतो. समोर संत्र्याची झाडं, आंब्या बहाराची फळं भरत आलेली, ती पाहत पडते. आत नेली की नुसती रडते. पण तो मोठा हुप्प्या वानर ओसरीवर आलेल्या कडुलिंबाच्या फांदीवरून उतरतो अन् हिच्या ताटातली भाकर घेऊन जातो. मागच्या आठवड्यात मनगट ओरबाडलं.
मधूनं नागपूरहून लिहिलं, आईला भोपाळला नेतो. राज्यांची नवी वाटणी होते आहे, त्याची कचेरीच तिकडे चालली, आपण सौंसरचे म्हणून त्याचंही नाव तिकडल्या यादीत. खूप विनवलं तेव्हा एवढं कबूल केलं की वानराचा बंदोबस्त झाला तर दिवाळीत येऊन पाहीन, मग ठरवीन.
भोपाळात दोन खोल्या, वरचा मजला. तिथं ही काय पाहणार.

२५ सप्टें.
शामराव शेजारचे, बंदूक पाहायला आले. "वांदर मेला त जामसांवळीच्या मारुतीपुढं कोन्त्या तोंडानं जाशीन?"
म्हटलं, मारायचा नाहीच. फांदीला पत्र्याचा डबा टांगतो, डब्याला छर्रा लागला की आवाजानं पळेल.
"म्हंजे तुले चुकवाची बंदूक पाह्यजे. चुकवाले त तुले बंदूकबी लागत नाई."
हसलो. पण खरं तेच आहे. डबा अन् वानर यांत वीतभर अंतर. खाली हिची खाट. बंदूक एका जागी मारणारी नसेल तर ...

२८ सप्टें.
कुंपणाला डबा ठेवून पाहिलं. नेम एकच, छर्रे तीन दिशांना. एक तर गोठ्याच्या कौलावर. गाय माझ्याकडे बघत राहिली.
दस्त्याचे स्क्रू ढिले होते, आवळले. तडा सुतळीनं बांधला. नेम धरायची पुढची माशी वाकडी होती, हलक्या हातानं ठोकली. फरक पडला, पण थोडाच.

३ ऑक्टो.
खोलली. आतलं चामड्याचं वायसर वाळून पापड झालेलं, हवा धरील कशी? जवसाच्या तेलात रात्रभर भिजवलं. आज सगळे छर्रे तळहाताएवढ्या जागेत. सुनेला, म्हणजे भावाच्या सुनेला, रखमाला, बोलावून दाखवले. तीच सैपाकपाणी करून जाते.
"मामाजी, आता शिकारीले चालले काय?"
"तुझ्या भाकरीचा राखणदार झालो."
मधूला लगेच कार्ड टाकलं. बंदोबस्त होऊन राहिला आहे.

८ ऑक्टो.
पुन्हा पहिले पाढे. कधी फुस्स, कधी धाडकन. खोलून पाहिलं तर आत गोंद. जवसाचं तेल! घराच्या दारांना दरसाल मीच लावतो, सुकून घट्ट बसावं म्हणून. तेच बंदुकीत घातलं. कोणाला सांगण्यासारखं नाही.
घासलेटनं धुतली. शिलाई मशीनचं तेल, दोनच थेंब. उद्या पाहू.

१४ ऑक्टो., दसरा
नेम चांगला बसला होता. सकाळी शस्त्रांत बंदूक मांडली. हिच्या डाव्या हातानं फूल वाहवलं. रखमानं हळदकुंकू, अक्षता, सगळं मनापासून.
दुपारी झाडली तर छर्रा थेट शामरावच्या वावराकडे. पुन्हा तसाच. डोकं चालेना. शेवटी नळीच्या तोंडावर बोट फिरवलं तर कुंकवात भिजलेला तांदूळ चिकटलेला.
रखमा ओशाळली. "मले वाटलं तोंडाले लावलं पाह्यजे."
म्हटलं, बरोबरच केलंस बाई, देवाला नैवेद्य तोंडालाच दाखवतात. ती हसली. हीही हसली, अर्ध्या तोंडानं.

१९ ऑक्टो.
एक गोष्ट उमगली. घट्ट धरली की बंदूक बिथरते. डाव्या तळव्यावर नुसती टेकवायची, बोटं मिटायची नाहीत. झटका तिचा तिला घेऊ द्यायचा. हिचा उजवा हात हातात घेऊन बसतो तसं. तेव्हापासून तपकिरीच्या डबीचं झाकणही चुकत नाही.
आता मधूनं यावं अन् पाहावं.

२४ ऑक्टो.
हुप्प्या आला. लिंबाच्या फांदीवर बसला, खाली ताट. मी दाराआडून डबा टिपला. ठण्णकन वाजला अन् गडी दोन उड्यांत पसार.
वळून पाहतो तर हिचं ताट खाली. अंथरूण ओलं. डोळ्यांतून धारा.
"भ्यालीस काय?"
"हाव."
"वानराला?"
"हाव."
"बंदुकीला?"
"हाव."
किती विचारलं. काय कळणार.

२९ ऑक्टो.
मधूचं पत्र. दोन तारखेला सकाळच्या बसनं येतो. लिहितो, बाबा, आपण दोघं कशाला भांडायचं, आईलाच विचारू, यायचं का.
विचार म्हणावं. ती हाव म्हणेल. मग मी विचारीन, इथंच राहतेस ना, त्यालाही हाव. तो त्याचं आधी विचारेल, एवढंच.
वानर त्या दिवसापासून फिरकला नाही. ही फांदीकडे पाहत असते.

१ नोव्हेंबर
आजपासून नागपूर दुसर्‍या राज्यात. शामराव चावडीवर मला म्हणे, "तुही सासरवाडी परमुलखात गेली लेका, आता जावायाचा मान वाढते." कोणी हसलं, कोणी नाही.
दुपारी हुप्प्या आला. मी बंदूक ताणून दाराआड. छर्रा भरलेला, माशी डब्यावर. घोडा दाबणार, तेवढ्यात ...
हिचा उजवा हात. खाटेच्या कडेबाहेर, तळवा वर, त्यात भाकरीचा तुकडा. हुप्प्या खाली उतरला अन् हळूच उचलून घेतला. ओरबाडलं नाही. आवाज नाही. ही पाहत होती.
हात हिनं पुढे केला का? का तुकडा ताटातून घसरून हातात पडला अन् हातच आपल्या भारानं लोंबला? रखमा विहिरीवर होती. मीही माशीतून पाहत होतो, म्हणजे डबाच पाहत होतो.
नंतर त्याच हातात तुकडा ठेवून जवळ बसलो. म्हटलं, दे, मला दे. पुष्कळ वेळ बसलो. बोटसुद्धा हललं नाही. हाव म्हणाली.
मधूला काय सांगू? हात हलला म्हटलं तर म्हणेल, बाबांना भास झाला. नाही म्हटलं तर नेईल. वानराचा बंदोबस्त झाला म्हणावं, तर वानर हिच्या हातून जेवून गेला.
बंदूक कोपर्‍यात तशीच ताणलेली उभी आहे. ताणलेली ठेवली तर स्प्रिंग बसते, महिनाभराची मेहनत वाया. उतरवायची तर झाडण्यावाचून दुसरा मार्ग नाही. गोठ्यामागं जाऊन मातीत झाडून यावं म्हणतो, पण आवाज तर इथवर येणारच. अन् हिचा नुकता डोळा लागला आहे.