बाजाराचा फोटो

आप्पा, परवा शाळेतला एक तरुण मास्तर घरी आला होता. तुमचं नाव घेताना त्यानं आपोआप हात जोडले. शाळेतल्या मुलांसाठी दरवर्षी फोटोंची स्पर्धा घ्यायची, तिला तुमचं नाव द्यायचं आणि पहिलं बक्षीस माझ्या हातून वाटायचं, असं त्यांचं ठरलंय. "आजी, त्या निजामाच्या काळात सरांनी मुलीच्या हातात कॅमेरा दिला. केवढी मोठी गोष्ट," असं तो म्हणाला. गोष्ट मोठी होतीच. मी त्याला चहा दिला, विचार करून कळवते म्हणाले, आणि तो गेल्यावर बराच वेळ कपबशी तशीच समोर ठेवून बसले. तुम्ही गेलात त्यालाही आता किती वर्षं झाली. तुम्ही असताना मी तुमच्याशी कधी भांडले नाही. घरात कुणीच भांडलं नाही.

कॅमेरा तुम्ही सोलापूरहून आणला होता. काळा डबा, वरच्या काचेत वाकून बघायचं, गावातलं माणूस त्यात नखाएवढं दिसायचं. चौथीनंतर मुलीला शाळेत ठेवायची की नाही यावर परंड्यात पारावर वाद चालायचे, आणि तुम्ही मला तो डबा गळ्यात अडकवून वेशीपर्यंत एकटी पाठवायचात. "पोटाशी घट्ट धर. श्वास रोख. मग खटका दाब." लोक आईला विचारायचे, मास्तरीणबाई, पोरीला पोरगा करायलात का? आई हसण्यावारी न्यायची. रोल धुवायला तुम्हाला अंधार लागायचा आणि घरात खिडकी नसलेली खोली एकच, आईचं स्वयंपाकघर. मग आई भल्या पहाटे भाकरी उरकून घ्यायची, दाराच्या फटीत पोती कोंबायची, कंदिलाला लाल कापड तुम्ही बांधायचात. तिच्या पराती तेवढ्या ती तुम्हाला देत नव्हती. "इषारी पानी हाय ते," म्हणायची. एवढाच तिचा विरोध.

मग ते वर्ष आलं. तिकडं इंग्रज गेला होता आणि आपल्याकडं निजामच होता. मामा, आईचा एकुलता एक धाकटा भाऊ, आधी एकदा ठाण्यात आठवडाभर बसून आला होता. सुटल्यावर तो जो हद्द ओलांडून निजामाशी लढणाऱ्यांच्या बार्शीकडच्या कँपात गेला तो घरी परत आलाच नाही. आई त्याचं नाव घेत नव्हती, तुम्ही सरकारी नोकर. अशात शाळेत हुकूम आला, की शाळकरी मुलांनी काढलेले फोटो जिल्ह्याला मागवलेत, विषय आपलं गाव आणि त्याची खुशहाली. त्या शब्दाला तुम्ही हसलात. पण त्याच संध्याकाळी ट्रंकेतून नवा रोल काढून ठेवलात.

फोटो बाजाराचा काढायचा हे तुम्ही ठरवलंत आणि कुठून काढायचा हेही. किल्ल्याच्या बाजूला जरा उंचावर मला बसवलंत. खाली कासारणीचं बांगड्यांचं दुकान, तिच्यावर भिंतीची तिरकी सावली, आणि सावली संपते तिथं उन्हात घोंगडी डोक्यावरून घेतलेला एक माणूस उकिडवा. तीन बाजार मी तिथं बसले आणि तिन्ही बाजारांना तो माणूस तिथंच होता. मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही खूश झालात. "त्याला धर चौकटीत. त्याच्यामुळंच चित्र उभं राहील." दाढी वाढलेली, तोंड घोंगडीत. बाजारात धनगराकडं कोण निरखून बघतं.

छापायचं काम उन्हात व्हायचं. अंगणात तुम्ही काचेच्या चौकटीत निगेटिव्ह आणि कागद दाबून ठेवलाय, आई धुणं वाळत घालतीय. जाता जाता ती वाकते. चेहरा जोंधळ्याच्या दाण्याएवढा, पण ती चेहरा बघतच नाही. तो एक गुडघा वर घेऊन, हात मानेमागं टाकून बसलाय, ते बघते. ओला हात ती पदराला पुसते.

"ह्यो आपला हाय," ती म्हणाली. मग आणखी वाकून म्हणाली, "लई वाळलाय."

तुम्ही भिंग आणलंत. बघितलंत. आईच म्हणाली, "ह्यो पाठवायचा न्हाई."

"एवढ्याशा तोंडाला कोण ओळखतंय?"

"पाठवायचा न्हाई."

"असा फोटो पुन्हा होणार न्हाई गं."

"माजा भाऊबी पुन्हा व्हनार न्हाई."

तुम्ही मान हलवलीत. हौदाचा दुसरा फोटो आहे तो पाठवू म्हणालात. आईनं तुमच्यावर विश्वास ठेवला, मीही ठेवला. पुढच्या आठवड्यात तुम्ही बार्शीला जाऊन आलात, शाळेचे नकाशे आणायला म्हणून.

उस्मानाबादला, घरात आपण धाराशिवच म्हणायचो, तुम्ही मला घेऊन गेलात तेव्हा माझ्या अंगावर दिवाळीचं परकर-पोलकं होतं. प्रदर्शनाच्या मोठ्या खोलीत भिंतीला दोऱ्यांवर फोटो टांगलेले. आणि मधोमध, ताटाएवढा मोठा करून, बाजाराचा फोटो. बार्शीच्या फोटोवाल्यानं काम चोख केलं होतं. कासारणीच्या टोपलीतली बांगडी न् बांगडी मोजून घ्यावी. मामाच्या भुवईवरची खोक दिसत होती. खाली माझं नाव आणि पहिला नंबर. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही फोटोकडं बघत होता.

अमीन साहेब, म्हणजे निजामाचे फौजदार, फिरत फिरत तिथं आले. पोलिसांतले असले तरी बोलायला गोड. "वाह. किसने खींची?" तुम्ही मला पुढं केलंत. त्यांनी माझं कौतुक केलं, मग फोटोजवळ तोंड नेलं. "ये घोंगडीवाला कौन है, मास्टरसाब?"

"कोई धनगर होगा, साहेब."

इथं तुम्ही थांबला असतात तर मी आज तुम्हाला काहीच लिहिलं नसतं. खोटं बोललात, चांगलं केलंत. पण अमीन साहेबांनी हसून एवढंच विचारलं, की एवढ्याशा पोरीला अशी तसवीर जमली कशी? आणि तुम्ही सांगू लागलात. सावली कुठल्या वेळेला कशी पडते, पोरीला कुठं बसवली, कसा धीर धरायला शिकवला. "ये आदमी हर बाजार को वहीं बैठता है, साहेब, उसी जगह. इसीलिए तो तसवीर बनी." तुमच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता. अमीन साहेब मान डोलावत ऐकत राहिले. आप्पा, तुम्ही खबऱ्या नव्हता. खबऱ्या असता तर मला सोपं गेलं असतं.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता आणि दुसऱ्या दिवशी बाजार होता. तुम्ही पाय धूत होता. कुठला फोटो लावला होता, आईनं विचारलं, आणि मी सांगितलं. अमिनानं काय विचारलं आणि तुम्ही काय सांगितलंत, तेही. तिनं तुमच्याकडं एकदा बघितलं. तुम्ही म्हणालात, "त्यानं ओळखलं न्हाई. मी होतो ना तिथं."

सकाळी ती पिशवी घेऊन निघाली. मी तिच्यामागं. निरोप कुणाकडं द्यायचा हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती त्याच्याच जागेवर जाऊन बसली, कासारणीच्या शेजारी, जमिनीवर. मास्तरांची बायको अशी बसलेली बघून बायका थबकत होत्या. समोर दोन माणसं ऊस खात उभी आहेत, बाजारात कधी न दिसलेली. मामा तेल्याच्या दुकानापाशी येतो. त्या दोघांवर त्याची नजर जाते, तो थांबतो, अर्धा मागं वळतो. मला आजही वाटतं, तो गेला असता. पण तेवढ्यात त्याला आई दिसते. ती हातानं जा जा म्हणून खुणावते. कित्येक महिन्यांत त्यानं बहिणीला बघितलेलं नाही. त्याला ती हाक वाटली असेल, नाहीतर आपल्या घरात काही झालंय असं वाटलं असेल. तो सरळ तिच्याकडं चालत आला. "अक्का," एवढंच म्हणाला.

दोघांनी त्याला घोंगडीसकट धरलं. आई त्याच्या घोंगडीचं टोक धरून बरंच अंतर ओढत गेली.

त्या दुपारी तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहिलात. चूल पेटलेली नव्हती. मला वाटलं, तुम्ही तिच्या पाया पडाल. तुम्ही म्हणालात, "तू बाजारात जायलाच नको होतंस. तुला बघून तो पुढं आला."

आई म्हणाली, "व्हय."

तुमच्या बाकी सगळ्याचा मी हिशेब सोडून दिलाय, आप्पा. फोटोचा मोह मी समजू शकते. ते एक वाक्य मात्र नाही. ती ते खरं धरून चालली. उन्हाळ्यात मामा तुरुंगातच तापानं गेला, आणि ते आम्हाला कळलं फौजा आल्यावर, निजाम गेल्यावर, गावात पेढे वाटत होते तेव्हा. आईनं पुढं कधी बाजारात पाऊल टाकलं नाही. मोठी झाल्यावर मी तिला एकदा सरळ म्हणाले, की ह्यात तुझा काय दोष, फोटो तर आप्पांनी लावला. ती भाजी निवडत होती. "त्यांनी फोटू लावला. हात म्याच हालवला," म्हणाली. तुम्ही शेजारच्या खोलीत होता. भिंत पातळ होती. तुम्ही उठून आला नाहीत.

आणि तुम्ही तो फोटो शाळेत लावलात. दर सप्टेंबरला, मुक्तिदिनी, हार घालून मुलांना सांगायचात, की ह्या शूर माणसाचा हा एकमेव फोटो, माझ्या मुलीनं काढलेला. तो कसा धरला गेला हे एकाही वर्षी सांगितलं नाहीत. शेवटच्या आजारात तुम्ही तो घरी मागवून घेतलात, तेव्हा मला वाटलं, आता तरी बोलाल. तुम्ही भिंग लावून बघितलंत आणि म्हणालात, "उजवीकडची जागा थोडी कमी घ्यायला हवी होती."

मास्तरला मी कळवलंय, की गुडघे दुखतात, यायला जमणार नाही. त्यांची स्पर्धा होईल, तुमच्या नावानंच होईल. पोरांनी फोटो काढावेत. त्यांना मी का अडवू?

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. त्या दिवशी अमिनाशी तुम्ही बोलत होता तेव्हा तुमचा हात माझ्या खांद्यावर होता. सगळं कळून चुकल्यावर, आई गेल्यावरही, मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलंय. त्या हाताखाली वाटलं तितकं बरं मला आयुष्यात परत कधी वाटलं नाही.