एका तुळईवरचं धाबं

लिहून ठेवणार: पार्वताबाई भ्रतार देवचंद महाजन, वय अंदाजे सहासष्ट, राहणार माळीवाडा, अमळनेर, जिल्हा जळगाव.

कारणे लिहून ठेवते ऐसे जे की, माझी बुद्धी ठिकाणावर आहे, नजर सुईत दोरा ओवण्याइतकी शाबूत आहे, आणि मला कोणी भरीस घातलेलं नाही. भरीस घालायला दोघं आले होते, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. वरची कोर्टाची भाषा मी सन १९५० च्या वाटणीपत्रावरून उतरवली आहे, पुढची माझी. मी मराठी दुसरी शिकले. अक्षर वाकडं असेल, मतलब सरळ आहे.

१. माझं राहतं अर्धं घर पतीने हयातीत माझ्या नावे करून दिलं. ते माझ्या मागं माझी मुलगी कुंदाबाई हिचं होईल. तिला नवऱ्याने टाकली आहे. सहा वर्षांपासून ती आणि तिची लिला माझ्याजवळ राहतात. कुंदा ज्वारीचा घाटा शिजवून थापलेले बिबडे आणि पापड करून विकते, त्यावर दोघींचं पोट आहे. कुंदाला दुसरं छप्पर नाही. हे आहे ते पडायला आलं आहे. तेव्हा या कागदाचा सगळा भार एका गोष्टीवर आहे: डोक्यावरचं धाबं बदलायचं, की घर विकून मोकळं व्हायचं.

२. अर्धं घर म्हणजे काय, ते सांगते. दोघा भावांचं घर एक. पन्नास साली वाटणी झाली, मधोमध भिंत आली. रस्त्याकडून डावी बाजू माझे पती देवचंद यांची, उजवी धाकटे दीर रुपचंद यांची. दोघेही भाऊ आता नाहीत. उजवीकडे माझी जाऊ यशोदाबाई एकटी राहते, तिला मूलबाळ नाही. भिंत खाली आली, पण वर धाबं एकच राहिलं, कारण खालची सागवानी तुळई या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड आहे. ती कापली तर दोघींचं घर बसेल. म्हणून धाब्यावर नुसती विटांची एक ओळ लावली. इकडे मी, तिकडे ती.

कोर्टातले साहेब कोकणातले असले तर त्यांच्यासाठी लिहिते. आमच्याकडे घरावर कौलं नसतात, मातीचं सपाट धाबं असतं. त्यावर दर वैशाखात खारी टाकतात. खारी म्हणजे पांढरी चिकट माती, गाढवावरून येते. ती टाकली की पावसाचं पाणी मुरत नाही, उतार असेल तिकडे निघून जातं. आता एका धाब्यावर दोन जावा असल्या, तर उतार कोणाकडे असावा?

वाटणीनंतरच्या पहिल्याच वैशाखात मी दोन गाढवं जास्त माती टाकली. हे मी आजवर कबूल केलं नव्हतं. आता मरणाच्या कागदावर खोटं कशाला? माझी बाजू चार बोटं वर आली, पाणी तिच्याकडे गेलं, तिच्या चुलीवर टपटपलं. पुढच्या वर्षी तिने चार गाढवं आणली. मग मी सहा. अशी चोवीस वर्षं.

मागच्या महिन्यात तुळई वाकली, कुंदाच्या चुलीपाशी टेकू द्यावा लागला. अभिमन मिस्तरीला वर चढवलं. त्याने पहारीने भोक पाडून हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला.

म्हणाला, "अक्का, वीतभर माती पाहिजे तिथं हातभर झाली. ही तुम्ही टाकली कशाला?"

मी म्हटलं, "तू मिस्तरी आहेस की फौजदार? उपाय सांग."

३. लोक म्हणतात, पार्वता यशोदेवर जळते. जळते. त्यात लपवण्यासारखं काय आहे? सासूबाईंनी मरताना बिबड्यांचं मोठं तांब्याचं पातेलं तिला दिलं. थोरली सून मी, आणि पातेलं तिला! का, तर "यशोदाच्या हातचा घाटा बुडाला लागत नाही." देवचंद मी केलेले बिबडे खायचे आणि वर म्हणायचे, "रुपचंदच्या घरचे कसे फुलतात गं?" तेवीस वर्षं मी तेलाच्या कारखान्यात शेंगदाणे निवडून घर चालवलं, त्याबद्दल हा माणूस एका शब्दाने बोलला नाही.

तेही गिळलं असतं. पण कुंदा सासर सोडून आली त्या दिवशी टांग्यातून उतरली आणि पत्र्याची पेटी तिने आधी यशोदेच्या ओट्यावर ठेवली. मी दारात उभी होते. यशोदेने तिला पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. मग कुंदा माझ्याकडे आली. मी विचारलं, "रस्ता चुकली का?" कुंदा म्हणाली, "माय, तू रागावशील म्हणून आधी काकूकडे गेले." त्या वैशाखात मी पंधरा गाढवं माती टाकली. यशोदेने किती टाकली ते मोजलं नाही, पण माझी मला कमीच वाटली.

आता कुंदाच्या बिबड्यांना नाव आहे, जळगावच्या गिऱ्हाईकाकडे डबे जातात. पिठा-मिठाचं ते प्रमाण यशोदेचं आहे. मला नुसतं वाटत नाही, माहीत आहे. मी चाखून पाहिले आहेत.

४. पोस्टात माझे चार हजार आठशे रुपये आहेत. त्यांचं काय करावं याबद्दल तिघांनी तीन सल्ले दिले.

माझा मुलगा आधार वरणगावच्या कारखान्यात कामाला आहे, क्वार्टरमध्ये राहतो. म्हणाला, "माय, वाकलेल्या घरावर चार हजार टाकून काय उगवणार? घर भंवरलालला देऊन टाक. वरणगावला प्लॉट घेऊ, प्लॉटचा भाव दरवर्षी चढतो."

"कोणाच्या नावावर घेऊ?"

"आता या वयात तुझ्या नावावर कशाला, माय?"

भंवरलाल शेजारच्या गल्लीतला व्यापारी. त्याला गोदामाला जागा हवी आहे. माणूस गोड बोलतो, पण खरं बोलतो. "अक्का, छत ठेवा, काढा, नवीन घाला, मी सहा हजारांवर रुपया देणार नाही. मला पाडायचंच आहे."

म्हणजे विकणाराच्या हिशेबाने छतावर घातलेला पैसा मातीत गेला. हे मी मान्य करते. नवीन छताने घराची किंमत वाढते असं जो म्हणेल, त्याने आधी गिऱ्हाईक आणून दाखवावं.

अभिमन म्हणाला, तुमच्या बाजूला पत्रे टाका, अठराशेत काम होईल, तेवढ्याच जागेवर स्लॅबला बेचाळीसशे लागतील. आधारही म्हणाला, टाकायचंच तर पत्रे टाक. दोघं पुरुष. पत्र्यावर बिबडे कोण वाळवणार, यांचा बाप? माघापासून वैशाखापर्यंत कुंदाचं दुकान म्हणजे ते धाबं. सत्तर दिवस ऊन धरलं तर खर्च जाऊन चारशे रुपये सुटतात. शिवाय खारीचे आणि गाढवांचे दर साली साठ. पत्रे टाकले तर साठ वाचतील आणि चारशे बुडतील. स्लॅब टाकला तर साठही वाचतील आणि चारशेही राहतील. नऊ-सव्वानऊ वर्षांत स्लॅब फिटला, पुढे फुकट. कुंदा चौतीस वर्षांची आहे. घर विकणाराने छत बदलू नये, घरात राहून छतावर कमावणारीने बदलावं. एवढं कळायला चौथी पास व्हावं लागत नाही.

५. तरी मी आजवर का बदललं नाही, तेही लिहिते. चैत्रात यशोदा विटांच्या ओळीपर्यंत आली होती. ती ओळ ओलांडत नाही, तेवढी रीत तिला आहे.

आमच्या अहिराणीत म्हणाली, "अक्का, तुळई वाकनी शे. दोन्ही मिळी एकच स्लॅब टाकी लेऊत. मना जवळ सिमिटनं परमिट शे."

सध्या सिमेंट पैसे देऊनही मिळत नाही. हिने कचेरीत चार खेपा घालून परमिट आणलं, दोन्ही बाजूंना पुरेल एवढं. मी अर्जच केला नव्हता. ते परमिट तिच्या हातात पाहून माझ्या अंगाची लाही झाली.

मी म्हटलं, "मना धाबाले काय धाड भरनी?"

ती म्हणाली, "तुले नही भरनी, पन पोरी खाले झोपतस ना वं."

मी खाली उतरून आले. पण रात्री टेकूकडे पाहत पडले, लिलाचं अंथरूण त्याच्या शेजारीच असतं. तेव्हा असं ठरवते:

६. माझ्या मृत्यूनंतर पोस्टातले बेचाळीसशे रुपये काढून कुंदाबाईने यशोदाबाईच्या सोबतीने संपूर्ण घरावर एकच स्लॅब टाकावा. मध्ये सांधा नको. अभिमन सांगतो की दोन वेगळे स्लॅब टाकले तर बरोबर सांध्यात गळतं. बेचाळीसशे हा माझा निम्मा हिस्सा, बाकी निम्मा खर्च यशोदाबाईचा, निम्मी मालकी तिची. उरलेले सहाशे रुपये लिलाच्या नावे ठेवावेत.

७. मुलगा आधार यास पितळी घंगाळ आणि बापाची सायकल. त्याला अकरावीपर्यंत शिकवताना माझ्या पाटल्या गेल्या, त्या मी मागत नाही, त्यानेही घर मागू नये. सुनेला माझी हिरवी इरकली साडी. ती दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, म्हणते, "आत्याबाई, तुम्हाला हिरवा शोभत नाही." आता शोभेल तिला.

गळ्यातली पोत लिलाला. पाटा-वरवंटा कुंदाला. यशोदेला काही नाही. तिच्याकडे पातेलं आहे.

येणेप्रमाणे मृत्युपत्र लिहून आज साक्षीदारांना वाचून दाखवलं. तोताराम गुरुजी आणि अभिमन मिस्तरी, दोघं ओट्यावर बसून ऐकत होते. सही करायला मी टाक उचलला, तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "छान केलंत अक्का. तुमच्या मागं दोघी काकू-पुतणी त्या स्लॅबवर सुखाने वाळवणं घालतील."

मी टाक खाली ठेवला. म्हटलं, "काय म्हणालात?"

"म्हणजे यशोदाबाईंचंही भलं झालं."

मला ते चित्र डोळ्यांपुढे दिसलं. पैसा माझा, आणि नव्या स्लॅबवर पहिलं पाऊल तिचं. गल्ली म्हणणार, यशोदाने परमिट आणलं म्हणून झालं. कुंदा तिच्या बाजूला बसून बिबडे घालणार, आणि मी खाली भिंतीवर फोटोत, हार घालून! हे मला मेल्यावरसुद्धा सहन होणार नाही. म्हणून आणखी एक कलम लिहिते.

८. वरील कलम सहा रद्द. स्लॅब माझ्या मृत्यूनंतर टाकायचा नाही, या महिन्यात टाकायचा.

हे लिहून मी धाब्यावर गेले. गुडघे दुखतात, तरी गेले, कारण तिच्या दारात मी जाणार नव्हते. वरून हाक मारली, "यशोदे, परमिट काढ!"

ती जिन्याने वर आली. हात पिठाचे होते. "कसं काय वं अक्का, इतला दिननी जाग उनी?" उनी म्हणजे आली.

"जास्ती बोलू नको. एकच स्लॅब. निम्मा खर्च तुना."

"बरं. पन माती तू उतारजो, मनापेक्षा तुनी जास्ती शे."

मी म्हटलं, "मोजी ले." ती हसली. मी हसले नाही. खाली ओट्यावर येऊन अभिमनला तीनशे रुपये विसार लगेच दिला, गुरुजींच्या देखत.

स्लॅबचे पैसे आता माझ्या हातून जातील. म्हणून माझ्या दिवसांना गावजेवण घालू नये, चार माणसांना वरण-भात पुरे. लिलाचे सहाशे तसेच राहतील. घराबद्दलचं कलम एक कायम आहे, त्यात आधारने शब्दही बदलू नये.

अभिमन म्हणतो, स्लॅब भरल्यावर एकवीस दिवस त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं, नाहीतर तडे जातात. पाणी मी मारीन, दोन्ही बाजूंना. यशोदेने बादलीला हात लावू नये. तेवढे दिवस मी मरत नाही. पुढचं पुढे, कागद तयार आहे.

लिहून ठेवणार: पार्वताबाई देवचंद महाजन (सही स्वदस्तुर)

साक्षीदार:
१. तोताराम गुरुजी, निवृत्त प्राथमिक शिक्षक. समक्ष वाचले, समक्ष सही झाली.
२. अभिमन मिस्तरी. विसार रु. ३०० पावले. काम सोमवारपासून.

ठिकाण: अमळनेर
दिनांक: १२ मे १९७४