आईचं तोंड बरं झालं

प्रिय धाकट्या,

तू रोज विचारतोस ती बातमी आधी देते. आईचं तोंड बरं झालं. काल तिनं अर्धं केळं खाल्लं, कोमट दूध प्यायली आणि शेजारच्या काकूंच्या नव्या कपड्याची बाही शिंप्यानं कशी बिघडवली आहे, ते त्यांना तोंडावर सांगितलं. काकू हिरमुसल्या. मला मात्र बरं वाटलं. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आज मला पुरं बोलायचं आहे.

केमोच्या मागच्या डोसनंतर तिच्या तोंडाचं काय झालं होतं, ते तू पाहिलं नाहीस. फोटो पाठवायला तिनंच मनाई केली होती. कॅन्सर पोटात, आणि औषधानं आग लावली तोंडाला. ओठांच्या आतली कातडी सोलून निघाली होती, जिभेच्या कडा रक्ताळल्या होत्या, गालांत पांढरे चट्टे. थुंकी गिळतानाही तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. शिवणकाम करताना टाचण्या दातांत धरूनसुद्धा गिऱ्हाइकांना झापणारी आपली आई, पाणी हवं असेल तर भांड्यावर बोट वाजवायची. असं तोंड असताना पुढचा डोस देता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा तूच म्हणालास, ताई, तू दातांची डॉक्टर ना, मग काहीतरी कर.

केलं. तिच्या डॉक्टरांना विचारून माझ्या दवाखान्यातलं लेसरचं मशीन घरी आणलं. एरवी मी त्यानं हिरड्या कापते. रक्त जेमतेम येतं, टाके बहुतेक वेळा लागत नाहीत, आणि ड्रिलची घरघर नसल्यामुळे खुर्चीचे हात आवळून बसलेली माणसं हळूहळू बोटं सैल सोडतात. त्यालाच मंद उजेडाची दुसरी कांडी लावता येते. ती कापत नाही, भाजत नाही. नुसता लाल उजेड पडतो, ठणका कमी होतो आणि जखम लवकर भरते. डोळ्यांना जपायला आम्ही दोघी हिरवे चष्मे घालायचो. पहिल्या दिवशी आईनं दोन्ही मुठी पुढे धरून मोटारसायकल चालवून दाखवली. मी हसले, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

रोज सकाळी खिडकीपाशी तिला बसवायचं, हनुवटी धरायची, आणि एकेका चट्ट्यावर उजेड धरून थांबायचं. आईचा चेहरा मी आयुष्यात इतका वेळ हातात धरला नव्हता. हाडं हाताला लागतात, धाकट्या. चट्टे मिटू लागले तशी मी वेड्यासारखी खूश व्हायला लागले. जणू आजारच मागे सरतोय. आजार कुठला सरतोय. परवाच्या तपासणीत तो यकृतात पसरलेला दिसला. डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढून घेतली, तेव्हाच मी ओळखलं. पुढचे डोस दिले तर काही महिने मिळतील, कदाचित तेही नाहीत, आणि तोंड पुन्हा तसंच होईल. तिच्या देखतच बोलले ते.

घरी आल्यावर मी नेहमीसारखी कांडी पुसायला घेतली. तिनं चष्मा घातला नाही, मांडीवरच ठेवला. म्हणाली, "तू माझं तोंड बरं केलंस ना? मग आता याच तोंडानं मला नको म्हणू दे."

मी खूप बोलले. तुझं नाव पुढे केलं, पुढच्या महिन्यात तू येणार आहेस म्हटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "तो आला की त्याच्याशी बोलता आलं पाहिजे मला. भांड्यावर बोट वाजवून काय सांगू त्याला?"

म्हणून हे पत्र. आज सकाळी मी डॉक्टरांना कळवलं की पुढचा डोस नको. तुला न विचारता कळवलं, कारण तू नाही म्हणाला असतास, आणि तुझं ऐकून ती पुन्हा डोस घ्यायला जाऊन बसली असती. तिला वाचवायला माझ्याकडे काही नाही रे. कसलंच मशीन नाही. ती हळूहळू जास्त झोपत जाईल, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा पुढच्या महिन्याची वाट बघू नकोस, लगेच नीघ. माझ्याशी काय भांडायचं ते जिन्यातच भांडून घे. मी उलट बोलणार नाही, तेवढं बळ आता माझ्यात उरलेलं नाही. मग आत जा, आणि तिला बोलू दे.

तुझीच,
ताई