पकडीपर्यंत पाहिलेला सिनेमा

२ फेब्रुवारी २०१४, रविवार. संध्या. ५.१०
उठून बाहेर आलो. नायकाने बॅगेतून पक्कड काढली तेव्हाच. भीती नव्हे, ॲसिडिटी. दारावरचा माणूस म्हणाला, इस सीन पे तो सब बाहर आते हैं, सर. लखनौचा प्रेक्षक कच्चा आहे.

३ फेब्रुवारी
पेपरांत परीक्षणं. एक तारा, दीड तारा. किळसवाणा, म्हणे. डरपोक लेकाचे. सुडाचा सिनेमा सभ्य कसा असेल? रविवारी मराठी मंडळात मी यावर बोलणार. जमलं तर दरमहाची चित्रचर्चा माझ्याकडे, असं सेक्रेटरी श्रीरंगने कबूल केलंय. अकरा वर्षं बँकेच्या विकास नगर ब्रँचमध्ये सह्या जुळवतोय. एवढं तरी मिळावं.

५ फेब्रुवारी
बँकेतून परस्पर सहाचा शो. संकल्प: पूर्ण पाहायचा. पक्कड आली. मोबाईल वाजल्यासारखा वाटला. बाहेर येऊन पाहिलं. वाजला नव्हता. परत आत जाणं बरं दिसलं नसतं.

७ फेब्रुवारी
पद्मिनी लेकीला घेऊन दुपारच्या शोला गेली. दोघींनी पूर्ण पाहिला. पॉपकॉर्न खात. पद्मिनी म्हणाली, अहो, शेवट सांगू का? नको म्हटलं. समीक्षकाला कथानक लागत नाही, दृष्टी लागते. मुक्ता म्हणाली, सुन लो पापा, यार. बी.ए.ला आहे. मराठी सगळं कळतं, बोलणार हिंदीच. बापाला यार म्हणते. यावर वेगळा लेख हवा.

८ फेब्रुवारी
भाषण तयार. अठरा पानं. त्यातली सात खलनायकाच्या मृत्यूवर. तो मरतो त्या क्षणी प्रेक्षकाचं मन धुऊन निघतं, असं मांडलंय. हे कुणालाच सुचलेलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. संध्या. ७.३०
बत्तीस माणसं. मुक्ता मंडळात पहिल्यांदाच आली, पुढच्या रांगेत पद्मिनीशेजारी बसली. सोळाव्या पानापर्यंत शांतता. वाटलं, भारावलेत. मग सुनेत्राबाई, वय एकाहत्तर, म्हणाल्या, अहो नरेंद्र, तो मरतो कुठे? नायक सोडून देतो त्याला. सगळा सिनेमा त्यासाठीच तर आहे. मी म्हणालो, हा एक अर्थ झाला. मुक्ता म्हणाली, पापा, वो तो लास्ट में बेटी की शादी में नाचता है. बत्तीसच्या बत्तीस हसले. श्रीरंगने पद्मिनीला बोलायला सांगितलं. दहा मिनिटं बोलली. हातात कागदही नव्हता. मुक्ता हनुवटीला हात लावून ऐकत होती.
श्रोत्यांची पातळी घसरली आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार
सकाळी श्रीरंगचा फोन. वहिनींना द्या, म्हणाला. मार्चपासून चित्रचर्चा पद्मिनीकडे. मी डबा घेऊन बँकेत गेलो.