आईंची ठेवण

अहो,

भिंतीवर आईंचा फोटो दिसला नाही तर घाबरू नका. तो माझ्या पिशवीत आहे. मितालीला घेऊन खांदा कॉलनीतल्या दवाखान्यात ॲडमिट व्हायला जातेय, आणि तिला आजी बरोबर हवी होती. उद्या सकाळी तिच्या नाकामागचं वाढलेलं मांस काढतील. तुम्ही नको म्हणाला होतात. तरी फॉर्मवर मी सही केली.

तोंड उघडं, चेहरा लांबट, ही आमच्या आईची ठेवण, तिला डॉक्टर कशाला, हे तुमचं म्हणणं. तेच डॉक्टरांना सांगायला काल हा फोटो नेला होता. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. म्हणाले, हनुवटी आजीचीच आहे, ती कुठे जात नाही. पण नाक बंद असलं की मूल तोंडाने श्वास घेतं, आणि वाढीच्या वयात चेहरा तसाच लांबत जातो. रक्तातून आलेलं किती आणि यामुळे किती, ते त्यांनाही सांगता येईना.

मग त्यांनी विचारलं, आजींना झोप कशी लागायची?

आई शेवटपर्यंत उश्यांना टेकून बसल्या बसल्या झोपल्या. आपण म्हणायचो, त्यांना सवयच आहे. मितालीलाही वर्षभर दोन उश्या लागतात. तेही आपण कौतुकानेच सांगायचो.

वालाचं बिरडं पातेल्यात आहे, गरम करून जेवा. मग या. रागावला असाल तरी या.

येताना तिच्या दोन्ही उश्या आणा. आजची रात्र लागतील.

वृंदा